लोखंडाचा जॉब

कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला पहिल्या वर्षी काय काय करावं लागतं, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोखंड घासावं लागतं. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करते आहे. आमच्या वेळी पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असायचं. पुढे पूल बांधायचे असोत, इंजिनं दुरुस्त करायची असोत की आमच्यासारखं कॉम्प्युटरपुढे बसायचं असो, सगळ्यांनी केमिस्ट्री करायची, मेकॅनिक्स करायचं, ड्रॉइंगच्या शीट काढायच्या आणि वर्कशॉपमध्ये उभं राहून कानस चालवायची. कॉम्प्युटर हा शब्द फक्त प्रवेशाच्या पावतीवर होता. कॉलेजात तो होता म्हणे, वरच्या मजल्यावर, काचेच्या दारामागे, एसीत. आम्ही खाली पत्र्याच्या शेडमध्ये घामाने निथळत होतो. तिसऱ्या वर्षाआधी त्याला हात लावायची सोय अभ्यासक्रमात नव्हती.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. आम्ही मुंबईतल्या एका खोलीतून वाशीला दोन खोल्यांत आलो होतो, म्हणजे आमच्या मानाने राजवाड्यातच. बाबा बेलापूरच्या सरकारी कचेरीत क्लार्क. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वारा इकडून आला की कांद्या-बटाट्याच्या मार्केटचा वास यायचा आणि तिकडून आला की खाडीचा. आईला दोन्ही वास आवडायचे नाहीत, पण वाऱ्यासाठी खिडकी मात्र उघडीच लागायची. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापात खराब झाली होती. तीन मजले चढायचे म्हणजे तिला चार वेळा बसावं लागे. खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिचं ठरलेलं ठिकाण होतं. तिथेच सानपाडा गावातली एक मावशी मासळीची पाटी घेऊन बसायची. आई दम खात बसायची आणि मावशी गिऱ्हाइकाची वाट बघत. बसता बसता दोघींची मैत्री झाली. आई कोकणातली, म्हणून मासळीतलं तिला कळायचं. भाव करताना दोघी भांडल्यासारख्या बोलायच्या, आणि मग मावशी स्वतःच दोन बोंबील जास्त टाकायची.

मी कॉलेजातून आले की आईचा एकच प्रश्न असायचा.

"आज तरी बघितलास काय कॉम्प्युटर?"

"नाही गं. अजून दोन वर्षं आहेत."

"मग रोज करता काय तिकडे?"

यावर मी तिला पूर्ण अभ्यासक्रम समजावून सांगायची. समजावून सांगण्याची मला पहिल्यापासून हौस. कुठला विषय का आहे, किती मार्कांचा आहे, टर्मवर्क म्हणजे काय, सगळं. आई तांदूळ निवडत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "बरं. पण दिसला की सांग, कसा असतो तो." मी हो म्हणायची.

पहिल्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास एक दिवस वर्कशॉपमध्ये आम्हाला प्रत्येकाला लोखंडी पट्टीचा एकेक तुकडा दिला. वर्कशॉपच्या भाषेत त्या तुकड्याला जॉब म्हणतात. कच्चा असतानाही जॉब, घासून पुरा झाला की तोही जॉब. त्याचे दोन भाग कापायचे. एकाला खाच पाडायची, दुसऱ्याला त्या खाचेत बसेल असं टोक काढायचं आणि दोन्ही घासून घासून असे जुळवायचे की मधून उजेड दिसता कामा नये. मी घरी आले ती दंड चोळत आणि दारातूनच सांगितलं, "आई, आज जॉब मिळाला."

एवढं बोलून मी अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर आई घरात नाही. ती शेजारी होती, मग समोर, मग खालच्या मजल्यावर. वाटीभर साखर घेऊन दम खात ती दारोदार फिरत होती. पोरीला जॉब मिळाला. कॉलेजात जाऊन दोन महिने झाले नाहीत तोच मिळाला. समोरच्या काकूंनी माझ्या तोंडात साखर घातली आणि विचारलं, "कुठली कंपनी?" मी तोंडात साखर धरून नुसती उभी राहिले.

रात्री जेवताना मी आईला नीट समजावलं. जॉब म्हणजे नोकरी नव्हे, लोखंडाचा तुकडा. आईने "अगं बाय" म्हणून तोंडाला पदर लावला आणि बाबा ताटात बघून हसले. ते हसणं मला आठवतं, कारण बाबा हसायचे कमी. मी म्हटलं, उद्या सगळ्यांना सांगून टाक. आई म्हणाली, सांगते. पण तिने काही सांगितलं नाही. जिन्यात कुणी पगाराचं विचारलं की ती म्हणायची, "अजून शिकाऊ आहे."

टर्म संपताना सरांनी माझा जॉब खिडकीसमोर धरला, "उजेड दिसतोय" म्हणाले आणि पास करण्यापुरते मार्क दिले. जॉब मी घरी आणला आणि आईच्या हातात ठेवला. तिने तो जोडला, सोडवला, परत जोडला. त्यानंतर तो आमच्या दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर राहायला गेला, कारण खिडकीतून बोका यायचा. मी तिला परत एकदा समजावलं की बघ, याला जॉब म्हणतात. आई म्हणाली, "समजलं की."

लोखंडातून सुटले, पण ड्रॉइंगमध्ये अडकले. वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते, बाजूने कशी दिसते, हे कागदावर काढायचं आणि जी कड दिसत नाही ती तुटक रेषेने दाखवायची. मला समोरचं दिसायचं. मागचं दिसायचंच नाही. जूनमध्ये निकाल लागला आणि मला ड्रॉइंगची केटी लागली. केटी म्हणजे एखाद्या विषयात नापास, पण पुढच्या वर्षात बसायची परवानगी. मुंबईच्या कॉलेजातल्या पोरांना हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगावं लागतं. आमच्या घरात तेव्हा सगळं लागतच होतं. मला केटी लागली, आईला दम लागत होता आणि बाबांना कचेरीतून यायला रोज उशीर लागत होता.

केटीची परवानगी वर्षभराचीच. पहिल्या वर्षाचं सगळं सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात पाऊल ठेवता येत नाही, हा नियम होता. आणि तिसऱ्या वर्षाशिवाय कॉम्प्युटर नाही. बाबांनी नियम शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "वर्ष गेलं तर मग पुढचं बघू." 'पुढचं' म्हणजे काय ते मला कळलं. आमच्या नात्यातल्या माझ्या वयाच्या मुलींचं पुढचं झालेलं होतं. कुणाच्या कडेवर मूल होतं, कुणाच्या पोटात.

मी घासून अभ्यास केला. शंकू तिरका कापला तर कापलेली बाजू कशी दिसेल, असे प्रश्न असायचे. मला काही केल्या ते दिसेना म्हणून मी गाजरं कापायला लागले. सरळ, तिरकी, अजून तिरकी. मग दुधी, मग मुळा. ताटभर तुकडे व्हायचे.

"मी ह्याची भाजी करू की तू ह्याचा पेपर लिहितेस?" आई विचारायची.

"थांब गं. हे बघ, असं कापलं की लांबट गोल होतो."

"मला काय दाखवतेस? मी रोजच कापते."

तरी ती बघायची. एकदा तिने स्वतःच विळीवर गाजर तिरकं धरून कापलं आणि तुकडा माझ्या वहीवर ठेवला. "हा बरोबर आहे काय?" बरोबर होता. मी त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली आणि तिने तो परत उचलून भाजीत टाकला.

नोव्हेंबरात पेपर दिला. परत नापास.

मला नेमकं तेव्हापासून काही वाटेनासं झालं. निकालाच्या बोर्डापुढे मुलं रडत होती, शिव्या देत होती. मी नुसतीच उभी होते. बसस्टॉपवर बस आली तर मी चढले नाही, पुढची आली तेव्हा चढले. याला काही कारण नव्हतं.

जानेवारीत आत्या आली. बाबांची मोठी बहीण, करारी बाई. तिच्या तोंडून सूचना येत नसत, निर्णय येत. कल्याणचं एक स्थळ तिच्या हातात होतं. मुलगा रेल्वेत, घरचे चांगले, मुलीने पुढे शिकायची गरज नाही असं त्यांचं मत, आणि आत्याचंही. बाबा भिंतीला टेकून बसले होते. एकदा नापास झाली, दोनदा झाली, उगाच वय घालवून काय उपयोग, असं आत्या म्हणाली. बाबा नाही म्हणाले नाहीत. बाबा गप्प बसले म्हणजे ते निम्मे हो म्हणतात, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

तेव्हा आई म्हणाली, "तिला जॉब आहे."

"जॉब? शिकता शिकता?"

"कॉलेजातच मिळाला. गेल्या वर्षीच. मधेच सोडला तर डिग्री देत नाहीत."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी लगेच तोंड उघडलं, "आत्या, तो जॉब म्हणजे..."

"जा, चहा टाक," आई म्हणाली.

"अगं पण तो..."

"दूध उतू जाईल."

दूध गॅसवर नव्हतंच. पातेलं ओट्यावर होतं आणि त्याच्या झाकणावर तो जॉब. मी तो बाजूला ठेवून चहा टाकला. बाहेर आत्या विचारत होती, बाहेरगावी बदली होते का, आणि आई सांगत होती, नाही, इथेच आहे, घराजवळच आहे. आत्याने चहा घेतला. रेल्वेतला मुलगा थांबणार नाही म्हणाली. आई म्हणाली, बरोबर आहे, त्याने तरी का थांबावं.

आत्या गेल्यावर मला आईची काळजी वाटली. राग नाही, दुःख नाही, निव्वळ काळजी. डॉक्टर म्हणाले होते की रक्त नीट फिरत नाही तेव्हा माणूस कधीकधी विसरतो, घोळ घालतो. मी तो तुकडा घेऊन तिच्यापुढे बसले. "आई, मी तुला सांगितलं होतं ना, जॉब म्हणजे हा." ती उशीला टेकून बसली होती. तुकडा हातात घेऊन म्हणाली, "होय गो बाय. समजलं." मला वाटलं, हिला समजत नाही, माझं मन राखायला हो म्हणते आहे. मी पुढे बोलले नाही. स्थळ गेलं होतं आणि मे महिन्यात पेपर होता. ती शेवटची संधी होती.

आई एप्रिलमध्ये गेली, सकाळी, मी कॉलेजात असताना. मी जिना चढून आले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. मला पाहताच बायकांनी रडण्याचा सूर वर नेला. माझ्या खांद्यावर ड्रॉइंगच्या शीटची गुंडाळी होती आणि हातात रेषा आखायचा ड्राफ्टर. मला पहिल्यांदा हे सुचलं की एवढ्या माणसांत शीट चुरगळतील. मी वाट काढत आत गेले, गुंडाळी कपाटावर ठेवली, ड्राफ्टर गुंडाळीच्या मागे सरकवला आणि मग आईजवळ येऊन बसले. तिला पांढरी साडी नेसवली होती. काकूंनी मला छातीशी धरलं, "रड, रड पोरी" म्हणाल्या. मी प्रयत्न केला. खरंच केला. आतून काही आलं नाही.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गावाहून माणसं आली. आत्याने सगळं हातात घेतलं होतं. खीर किती करायची, कोण कुठे झोपणार. ती सांगेल ते मी करत होते. कुणी तरी म्हणालं, पोरीने काळीज दगडाचं केलं. तसंही नव्हतं. दगड निदान जड तरी लागतो. माझ्या पोटात भूक नव्हती, डोळ्यांत झोप नव्हती आणि मनात काहीच नव्हतं. बोका आला तरी मी हाकलला नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "पेपर आहे ना उद्या? जा." इतकंच. मी गेले. पेपरात शंकू होता, तिरका कापलेला. मी तो काढला. दिसणाऱ्या कडा जाड काढल्या, न दिसणाऱ्या तुटक काढल्या. हात आपोआप चालत होता. गाजराची आठवण आली आणि गेली. वेळ संपायच्या आधी मी शीट देऊन बाहेर आले आणि बसमध्ये बसले.

पास झाले. निकाल कळल्यावर बाबांनी पेढे आणायचे की नाही हे ठरेना, म्हणून आणले नाहीत. आत्या परत एकदा आली. आता घरात बाई नाही, पोरीचं लवकर उरकून टाक म्हणाली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, हे निम्मं हो. मग ते म्हणाले, "तिचा जॉब आहे ना." आणि पेपर उघडून वाचायला लागले. मला वाटलं, आता बाबांच्याही डोक्यात घोळ झाला. पण मी समजावलं नाही. समजवायची हौसच उरली नव्हती.

तिसऱ्या वर्षी त्या काचेच्या दारातून आत गेले. चपला बाहेर काढायच्या होत्या. आत गारठा होता, फरशी पायाला लागत होती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आणि त्यांच्या शेवटी एक चौकोन उघडझाप करत होता. आपण प्रोग्रॅम टाइप करायचा, तो आत पाठवायचा आणि नंबर लागला की उत्तर रुंद कागदावर छापून यायचं. आत पाठवलेल्या त्या कामाला तिथे काय म्हणतात, ते ऑपरेटरने सांगितलं. जॉब म्हणतात. "तुमचा जॉब अजून लागलेला नाही, बाहेर थांबा," असं तो म्हणायचा. मुलं हसायची. मी बाहेर बाकावर थांबायची.

त्या दिवशी घरी आले, दार उघडलं, चपला काढल्या आणि बाहेरच्या खोलीत उभी राहिले. कॉम्प्युटर कसा दिसतो ते सांगायचं कबूल केलं होतं. हिरव्या अक्षरांचं वाक्य जिना चढताना मनात तयारही केलं होतं. बाबा आले, त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हटलं आणि भात लावला.

पदवी मिळाली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात, त्यांच्या नव्या कॉम्प्युटर विभागात मला नोकरी लागली. बाबांनी या वेळी पेढे आणले. मी ते घरोघर वाटले. समोरच्या काकू जराशा गोंधळल्या. "ही दुसरी का गं?" मी म्हटलं, होय, दुसरी. इतक्या वर्षांनी काय समजावायचं.

शेवटी खाली उतरले. मावशी अजून तिथेच बसायची, पहिल्या पायरीशी. केस पांढरे झाले होते, पाटी तीच. मी पेढा दिला. तिने हात पदराला पुसून तो घेतला.

"खरा लागला काय गो आता?"

"म्हणजे?"

"म्हनजे जॉब. पयला लोखंडाचा होता नं."

पेढा तोंडात टाकून ती सावकाश बोलत होती. "तुजी आय हितंच बसलेली, पायरीव. तुजी आत्या आली होती ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. पदराखालशी तुकडा काढून मना दाखवला. बोलली, ह्योच हाय बघ पोरीचा जॉब. नवऱ्याला आनि तुला म्हाईत, दुसऱ्या कोनला सांगू नको. खरा लागंपर्यंत ह्याच्यावरच भागवायचंय. काय हसलो आमी दोघी त्या दिशी. तिला तर मेलीला दम लागला हसून हसून."

ओटा, दुधाचं पातेलं, झाकण, 'जा, चहा टाक.' सगळं एकदम माझ्यासमोर उलट बाजूने आलं. आई गेल्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काही तरी वाटलं आणि तो राग होता. चांगला कडकडीत राग, कान तापले माझे. बाबांना माहीत, मासळीवालीला माहीत, आणि ज्या पोरीसाठी हे चाललं होतं, ती त्यांना वेडं ठरवून मोकळी.

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. जिन्यातून उतरणारं कुणी तरी थांबलं.

मावशीने बोटाला लागलेला पेढा चाटला.

"मी बोललू होतू तिला, पोरीला तरी सांग. तर बोलली, नको. तिला नाय सांगायचं. ती लगेच सगल्यांना समजवीत बसंल."

मी पायरीवर बसले. मावशीने पाटी जराशी बाजूला सरकवून मला जागा केली.